आतड्यातील एंडोमेट्रिओसिस : शस्त्रक्रियेआधीचा नकाशा

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणे म्हणजे एंडोमेट्रिओसिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा विकार होतो. काही स्त्रियांमध्ये या पेशी आतड्याच्या, विशेषतः गुदाशय व त्यालगतच्या मोठ्या आतड्याच्या, भिंतीत शिरतात. पाळीच्या दिवसांत शौचाच्या वेळी तीव्र वेदना, बद्धकोष्ठ किंवा जुलाब ही त्याची लक्षणे होत. गाठ बाहेरून आत वाढत असल्याने कोलोनोस्कोपीत ती बहुधा दिसत नाही आणि दुखणे ‘पाळीचेच’ समजून सोडून दिले जाते.

औषधांनी आराम न पडल्यास किंवा आतड्याचा मार्ग अरुंद झाल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिचे प्रकार तीन : गाठ भिंतीवरून तासून काढणे, भिंतीचा चकतीएवढा भाग काढून शिवणे किंवा आतड्याचा तुकडा कापून टोके जोडणे. चकतीची पद्धत साधारणतः ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी वापरतात. जोड गुदद्वाराच्या फार जवळ आल्यास तो गळण्याचा धोका वाढतो. काही काळ पोटावर शौचाची पिशवीही लावावी लागू शकते.

म्हणूनच गाठीची लांबी, खोली, संख्या आणि गुदद्वारापासूनचे अंतर आधीच मोजणे महत्त्वाचे ठरते. योनिमार्गे केलेली सोनोग्राफी ही सहसा पहिली तपासणी. गर्भाशय व आतडे एकमेकांवरून सहज सरकतात की चिकटले आहेत, हेही तीत दिसते. या तपासणीची समान परिभाषा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१६ मध्ये निश्चित केली. एमआरआयमुळे ओटीपोटाचे समग्र चित्र मिळते. मूत्रवाहिनी दबून मूत्रपिंडाला लक्षणांविना इजा होऊ शकते. त्यामुळे मूत्रपिंडांचीही सोनोग्राफी करतात.

जोतिबाच्या डोंगरावरून कोल्हापुरात तपासणीस येणारी रुग्ण असो वा मुंबई-पुण्यातील, दोन्ही तपासण्यांचे यश पाहणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून असते. युरोपीय तज्ज्ञसंस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, तपासणीत काही न आढळले तरी हा विकार नाहीच, असे म्हणता येत नाही.

नकाशा हाती असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञासोबत आतड्याच्या शल्यविशारदाची उपस्थिती आधीच ठरवता येते. पुन्हा पोट उघडण्याची वेळ टळू शकते. शिवाय आपल्या शरीराचा कोणता भाग काढला जाणार आणि पिशवीची शक्यता किती, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच रुग्णाला कळते.