२८ लाख खोडलेली नावे

आपल्याकडे मंगळागौरीला, बारशाला, हळदीकुंकवाला बायकांना नाव घ्यायला सांगतात. ते नाव नवऱ्याचे असते. तिचे स्वतःचे नाव मात्र लग्नातच ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून बदललेले असे. माझ्या आजीचे माहेरचे नाव आम्हा नातवंडांना ती गेल्यावर कळले. आजोबा तिला ‘अगं’ म्हणत, शेजारी ‘अमक्याची आई’ म्हणत. ही घरगुती बाब वाटते. पण देशाच्या पहिल्या निवडणुकीत हीच सवय फार महागात पडली, आणि त्यात आपल्या मध्य भारताचेही नाव होते.

इंग्रजी अमलात मत मोजक्यांनाच होते. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी असत. स्वातंत्र्यानंतर २१ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत द्यायचे ठरले, तेव्हा जुन्या याद्या निकामी झाल्या. राज्यघटना अजून लिहून व्हायची होती, तरी १९४८ मध्येच प्रांतांत आणि संस्थानांत नवीन याद्यांचे काम सुरू झाले. यादीत येण्यासाठी १८० दिवसांच्या वास्तव्याची अट होती. पण फाळणीत घरदार सोडून आलेल्यांनी ती कशी पुरी करायची? ‘आम्ही इथेच कायम राहणार’ एवढे लिहून दिले की त्यांचे नाव घ्यावे, असा मार्ग काढण्यात आला. यादी करणाऱ्यांची वृत्ती माणसाला आत घेण्याची होती, हे इथे लक्षात ठेवावे.

मार्च १९५० मध्ये सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. बंगालचे मुख्य सचिव राहिलेले, गणित शिकलेले, मितभाषी गृहस्थ. त्यांच्यापुढचे आकडेच घाबरवणारे होते. मतदार १७ कोटी ३२ लाख, आणि देशात शंभरातल्या जेमतेम १८ जणांना लिहिता-वाचता येत होते. याद्या टाइप करून जुळवण्यासाठी १६,५०० कारकून सहा महिन्यांच्या करारावर घेतले गेले. अक्षर न येणाऱ्यांसाठी प्रत्येक उमेदवाराला चिन्ह आणि प्रत्येकाची वेगळी लोखंडी पेटी. २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ असे मतदान चालले.

पण खरी अडचण पेट्यांची नव्हती. दारात आलेल्या परक्या माणसाला आपले नाव सांगणे अनेक बायकांना अमर्याद वाटे. मग यादीत नोंद होई: ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’. सेन यांनी या नोंदी मान्य केल्या नाहीत. नाव दुरुस्त करून घ्या, नाहीतर नोंद काढा, असा हुकूम गेला. बिहारला एक महिना जास्त मिळाला आणि तिथे त्याचा बराच उपयोग झाला. तरीही देशातल्या सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाखांची नावे शेवटी खोडावी लागली. त्यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारत इथल्या होत्या. मध्य भारत म्हणजे आपलेच इंदूर, उज्जैन, देवास, धार, ग्वाल्हेर. जिथे अहिल्याबाईंनी राज्य केले, त्या मुलखात बायकांची मते नाव न सांगितल्यामुळे गेली.

सेन कठोर वागले का? त्या वेळी ओरड झालीच. २८ लाख बायकांचा हक्क त्या खेपेला बुडाला, हे नुकसान लहान नव्हे. पण ‘अमक्याची बायको’ म्हणून कोणीही उभी राहू शकते, हेही खरे. शिवाय मत कुटुंबाचे नसते, त्या बाईचे असते. ते तिच्याच नावाने असले पाहिजे. या गाजावाजामुळेच पुढच्या वेळी संकोच कमी होईल, अशी सेन यांची अपेक्षा होती. १९५७ च्या निवडणुकीआधी स्त्रियांची नावे नोंदवण्याकडे खास लक्ष दिले गेले.

पुढे सुधारणा होत गेल्या. १९८९ मध्ये मताचे वय १८ झाले. शेषन यांच्या काळात, १९९३ पासून, फोटोचे ओळखपत्र आले. २०२२ पासून नाव नोंदवायला १ जानेवारीची वाट पाहावी लागत नाही. वर्षात चार तारखा असतात.

तरी नावाचा प्रश्न आपल्या घरांतून गेलेला नाही. मी निवडणुकीच्या ड्यूटीवर अनेकदा गेलो आहे. आपल्या याद्या हिंदीत, आणि हिंदीत ‘ळ’ नाही. काळे यांचे काले होतात. आपण नावानंतर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव लावतो, तिथे ते वेगळ्या रकान्यात जाते. सुनेचे नाव माहेरच्या गावी राहते आणि सासरच्या यादीत येत नाही. एका मतदानाच्या दिवशी एक आजी काठी टेकत बूथवर आल्या. हातात ओळखपत्र होते, यादीत नाव नव्हते. मुलाने घर बदलले होते, फॉर्म भरायचा राहिला होता. मला काहीच करता आले नाही, कारण उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत नाव घालता येत नाही. त्या काही बोलल्या नाहीत, नमस्कार करून परत गेल्या.

म्हणून मंडळींना एकच विनंती. गौरीच्या निमित्ताने घरातल्या सगळ्या जमल्या असतील, तेव्हा यादी उघडून प्रत्येकीचे नाव एकदा तपासा. नवीन नावाला फॉर्म ६, पत्ता बदलला किंवा चूक असली तर फॉर्म ८. १९५१ मध्ये बायकांनी नाव सांगितले नाही म्हणून ते खोडले गेले. आज आपण पाहिले नाही म्हणून ते राहून जाऊ नये.