शलाका आणि संविधान

भारताचे संविधान विनयपिटकावरून घेतले, असे विधान आपल्या विहारांतील व्याख्यानांत पुष्कळदा केले जाते. त्यामागील भावना आम्ही जाणतो. तथापि इतिहास म्हणून ते स्वीकारण्यापूर्वी खुद्द बाबासाहेब काय म्हणाले, हे पाहणे अगत्याचे आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, त्यातील बराच भाग १९३५ च्या कायद्यातून घेतला आहे आणि त्याबद्दल आपणांस संकोच वाटत नाही. घेतला तो मुख्यतः प्रशासनाचा तपशील. तो संविधानात कशासाठी? ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याचा आधार घेऊन ते म्हणाले की, संविधानिक नीतिमत्ता उपजत नसते, ती जोपासावी लागते. ती रुजलेली नसेल तर संविधानाला हात न लावताही केवळ प्रशासनाचे रूप पालटून ते निष्फळ करता येते.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात भिक्खू संघाचा उल्लेख येतो, तो याच संदर्भात. बैठकव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, गुप्त मतदान हे सारे संघाला ठाऊक होते आणि तथागतांनी ते तत्कालीन गणसभांतून घेतले असावे, असे त्यांनी म्हटले. पण त्यांचा रोख उगमावर नव्हता. ही पद्धती भारताने गमावली. ती दुसऱ्यांदा गमावणार काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच भाषणात, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, असेही त्यांनी विचारले.

विनयातील ही पद्धती मुळातून पाहण्यासारखी आहे. आधी ञत्ति, म्हणजे प्रस्तावाची सूचना. महत्त्वाच्या कर्मात त्यानंतर तीन वेळा घोषणा. मौन म्हणजे संमती. ज्यास अमान्य असेल त्याने बोलावे. मध्यदेशात उपसंपदेसाठी दहा भिक्खूंची गणपूर्ती लागे. आजारी भिक्खू आपला छंद, म्हणजे संमती, दुसऱ्याकरवी कळवी. वाद मिटेनासा झाला की शलाका वाटून बहुमत घेत. शलाका गोळा करणारा पक्षपात, द्वेष, मोह व भय यांपासून मुक्त असावा आणि कोणती शलाका घेतली गेली, कोणती नाही, हे जाणणारा असावा, अशी अट होती. आजच्या निवडणूक अधिकाऱ्याला याहून वेगळी अट काय घालणार?

मात्र एक भेद आमच्या अभ्यासकांनी सहसा सांगितलेला नाही. गुप्त मतदानात अधम्मवादी अधिक निघाले, तर शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत असे सांगून त्या परत घेण्याची मुभा या अधिकाऱ्यास होती. बहुमतापेक्षा धम्म मोठा, हे तत्त्व आम्हांस शिरोधार्य आहे. पण त्याचा निर्णय एकाच व्यक्तीच्या हाती राहत असे. अर्हत्त्वाच्या मार्गावरील संघात हे चालले असेल. जातिग्रस्त समाजात एखाद्या अधिकाऱ्याच्या सद्भावनेवर विसंबणे बाबासाहेबांना शक्य नव्हते. म्हणून बहुमताला घालायची मर्यादा त्यांनी मूलभूत हक्कांच्या रूपाने लिहून ठेवली. त्या हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट देणाऱ्या कलमाला, म्हणजे आजच्या कलम ३२ ला, त्यांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधानाचा आत्मा म्हटले.