ऊब देणं सोपं, ऊब टिकवणं अवघड

आजचा एपिसोड अंड्यांवर आहे, पण आम्लेटवर नाही. थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून घरच्या घरी अंडी उबवायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. खोकं, बल्ब, पाण्याची वाटी, छोटा थर्मोस्टॅट आणि 21 दिवस. बास! पण या खोक्यामागे दोन हजार वर्षांहून जुनी गोष्ट आहे, आणि ती शेवटी माणसांच्या बाळांपर्यंत जाते.

आधी प्रॉब्लेम समजून घेऊ. अंड्याला साधारण 37.5 अंश सेल्सियस ऊब लागते. दोन-तीन अंश वर जाऊन तशीच राहिली तर आतला जीव मरतो. कमी पडली तर पिल्लू उशिरा निघतं, अशक्त निघतं किंवा निघतच नाही. शिवाय अंडी दिवसातून बऱ्याचदा फिरवायची, नाहीतर गर्भ आतल्या पडद्याला चिकटतो. खुडूक कोंबडी हे सगळं कुणी न शिकवता करते. पण ती एका वेळी दहा-बारा अंडीच घेते आणि तेवढे दिवस नवीन अंडी देत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम उत्तम, पण स्केल होत नाही.

हे स्केल केलं इजिप्तने. तिथे कोंबडीशिवाय अंडी उबवतात, हे अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलंय. पुढे तिथे विटांच्या मोठ्या भट्ट्या झाल्या. मधे लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येक खोलीला दोन मजले. खाली हजारो अंडी, वर शेण आणि काडीकचऱ्याचा मंद जाळ. साधारण निम्मे दिवस झाले की जाळ बंद! कारण तोवर वाढणारे गर्भ स्वतःच उष्णता सोडायला लागतात, आणि हजारो अंडी एकमेकांना ऊब देतात.

आता प्रश्न असा, की थर्मामीटर नसताना तापमान कसं कळायचं? तिथले कामगार अंडं उचलून स्वतःच्या पापणीला लावायचे. पापणीची कातडी पातळ, तिला फरक लगेच कळतो. जास्त गरम वाटलं तर झरोका उघडा, गार वाटलं तर जाळ वाढवा. सेन्सर पापणी, कंट्रोलर माणूस. हे कसब बापाकडून मुलाकडे जायचं, बाहेर फारसं जायचं नाही.

ते कसब यंत्रात घालण्याचा एक फार जुना प्रयत्न सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. इंग्लंडमध्ये राहणारा डच माणूस कॉर्नेलिस ड्रेबेल. त्याने अंडी उबवायच्या भट्टीत अल्कोहोल आणि पारा भरलेली नळी बसवली. उष्णता वाढली की अल्कोहोल फुगणार, पाऱ्याला ढकलणार, पारा एक दांडी उचलणार आणि दांडी भट्टीचा झरोका बंद करणार. हवा कमी, जाळ कमी. गार झालं की सगळं उलट. आज एसी, फ्रिज, गीझर ज्या तत्त्वावर चालतात, ते हेच. इंजिनिअरिंगला आम्ही याला फीडबॅक लूप म्हणून शिकलो, पण त्याची सुरुवातीची कामगिरी पिल्लं काढणं होती हे कुणी सांगितलं नाही.

पुढे 1749 मध्ये फ्रान्सच्या रेओम्यूरने या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याने पिंपं शेणखताच्या ढिगात पुरली, आत अंडी ठेवली आणि थर्मामीटर लावून रोज नोंदी केल्या. पापणीला जे कळत होतं, ते आता आकड्यात लिहिता यायला लागलं. म्हणजेच दुसऱ्याला शिकवता यायला लागलं.

आणि आता पॅरिस, 1878 च्या सुमारास. स्तेफान तार्निए नावाचा प्रसूतितज्ज्ञ तिथल्या एका प्राणीबागेत पक्ष्यांची अंडी उबवायचं यंत्र बघतो. त्याच्या मातेर्निते हॉस्पिटलमध्ये वेळेआधी जन्मलेली बाळं गारठून मरत होती. त्याने त्याच बागेतल्या ओदील मार्तँकडून तसंच यंत्र बाळांसाठी बनवून घेतलं. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मृत्युदर तिथे 66 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर आला.

थोड्याच वर्षांत यापेक्षा साधी पेटी आली. खाली गरम पाण्याच्या बाटल्या, वर बाळ. बाटल्या गार झाल्या की नर्स बदलायच्या. म्हणजे लूपमध्ये पुन्हा माणूसच! आपल्याकडे आजही घरात कुणीतरी सांगतं ना, "याला जन्मल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं होतं"? त्या पेटीची एक आजी कोंबड्यांच्या खुराड्यातली आहे.

पण इथे थांबलो तर गोष्ट अर्धी राहील. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी आणि बाळं जास्त अशी वेळ आली. तिथल्या एदगार रे सानाब्रिया या डॉक्टरांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. आज ती जगभर आणि आपल्या सरकारी हॉस्पिटलांतही वापरतात. नाजूक बाळांना यंत्र लागतंच, पण अनेकांसाठी आईचं अंगही तितकंच चोख काम करतं.

मला यातून एक गोष्ट पटते. बल्ब कुणीही लावेल. खरं काम आहे ते सतत बघत राहण्याचं, किती झालं, कमी करू की वाढवू. कधी ते कोंबडीने केलं, कधी पापणीने, कधी पाऱ्याने, कधी नर्सने. थर्मोस्टॅट चारशे रुपयांना मिळाला म्हणून ते काम छोटं होत नाही.

तुमच्या घरी कुणी कोंबडी रवणाला बसवायचं का? आजीला विचारा आणि तिचं उत्तर व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!