निवळण्याची जागा : तेलीबांधा आणि पावसाच्या पाण्याची परिभाषा

रायपूर शहराच्या पूर्व बाजूस, ग्रेट ईस्टर्न रोडला लागून असलेल्या तलावाचे नाव तेलीबांधा. नावाचा पूर्वार्ध तेली या जातिवाचक शब्दाकडे बोट दाखवतो आणि उत्तरार्ध बांधण्याच्या क्रियेकडे. या नावात पाण्याचा कोठेही उल्लेख नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. छत्तीसगढच्या मैदानी प्रदेशात तलाव म्हणजे प्रथमतः बांध. उताराला आडवी मातीची पार घातली की पाणी तिच्यामागे आपोआप थांबते, असा या नावामागचा विचार दिसतो. त्या थांबलेल्या पाण्याचा, विशेषतः ते तलावात शिरण्यापूर्वी कोठे आणि किती काळ थांबत असे याचा इतिहास अद्याप पुरेसा लिहिला गेलेला नाही. तलावांविषयीचे लेखन घाट, मंदिरे आणि बांधणाऱ्यांच्या पुण्याईपाशी थबकते. पाणी आत येण्याच्या वाटा हा मात्र अभियंत्यांचा विषय मानला गेला. त्या वाटांना असलेले शब्द वाङ्मयाच्या अभ्यासकांच्या नजरेतून निसटले, याचे कारण बहुधा हेच.

तेलीबांध्याचा विचार मराठी अभ्यासकाला परका वाटू नये, यास ऐतिहासिक कारण आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा रतनपूरला पोहोचल्या. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी तेथून कारभार पाहिला. १८१८ मध्ये इंग्रज देखरेखीखाली मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा सारा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. १८६१ च्या मध्य प्रांताच्या निर्मितीपासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत रायपूर आणि भंडारा एकाच प्रशासनाखाली, नागपूर या एकाच राजधानीच्या आज्ञेत होते. रायपुरातील तात्यापारा हे वस्तीचे नाव या संबंधाची साक्ष आजही देते. त्यामुळे तलावांच्या वापराविषयीचे काही शब्द दोन्हीकडे समान आहेत. सर्वांत महत्त्वाचा शब्द निस्तार. गावकऱ्यांचा पाणी, सरपण, चराई यांवरील वहिवाटीचा हक्क या शब्दाने छत्तीसगढात व्यक्त होतो, तसाच विदर्भातही. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही निस्तार पत्रक हा शब्द टिकून आहे.

तलावाच्या अवयवांची परिभाषा मात्र छत्तीसगढीची स्वतःची आहे. पार म्हणजे बांध. छलका किंवा नक्खा म्हणजे तलाव तुडुंब भरल्यावर जादा पाणी सांडण्याची वाट. पुंछा म्हणजे पाणी येण्याजाण्याचा मार्ग. पैठू म्हणजे तलावाबाहेर जादा पाणी साचून राहण्याची जागा, आणि मछंदर म्हणजे आतला सर्वांत खोल भाग. अनुपम मिश्र यांच्या ‘आज भी खरे हैं तालाब’ या १९९३ च्या ग्रंथाने उत्तर भारतातील अशा शब्दांकडे सुशिक्षितांचे लक्ष वेधले. (मिश्र यांचा जन्म वर्ध्याचा, हे जाता जाता नोंदवावे.) त्यांच्या ग्रंथात राजस्थानी आगौर म्हणजे पाणलोट आणि आगर म्हणजे प्रत्यक्ष तलावाचा खळगा, असा भेद येतो. आगौर स्वच्छ राखणे हा तेथे आचारधर्म होता. या शब्दसंपत्तीची मांडणी पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते : यातील कित्येक शब्द तलावाच्या कडेचे, उंबरठ्यावरचे आहेत. पाणी कोठून येते, कोठे थबकते, कोठून बाहेर पडते, या प्रत्येक टप्प्याला नाव आहे.

या थबकण्याला मराठीत अचूक शब्द आहे : निवळणे. गढूळ पाणी हलवले नाही तर निवळते. ‘गाळणे’ या क्रियेला कर्ता लागतो, फडके किंवा चाळणी लागते. ‘निवळणे’ अकर्मक आहे, त्याला फक्त काळ आणि स्वस्थता लागते. निवळीच्या बियांना तिचे नाव याच गुणामुळे मिळाले. हीच संस्कृतातील कतक. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात या फळाचा दृष्टान्त येतो, आणि त्याचा आशय असा की कतकाचे नुसते नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही. परिभाषेवर लिहिणाऱ्या कोणालाही हा इशारा लागू पडतो.

निवळण्यास काळ किती लागतो, हे कणाच्या आकारावर ठरते. ०.१ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण स्थिर पाण्यात १ मीटर खाली जाण्यास साधारण दोन मिनिटे घेतो. ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला त्याच अंतरासाठी सुमारे ३ दिवस लागतात. रायपूरच्या परिसरात हा फरक पुस्तकी नाही. छत्तीसगढी शेतकरी जमिनीचे भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार असे प्रकार सांगतो. भाठा ही उंचावरची मुरमाड, जांभ्या दगडाची जमीन, तर कन्हार ही सखल भागातील काळी चिकण. भाठ्यावरून पाणी वेगाने निघते आणि खडा-वाळू घेऊन येते, कन्हारीतून येते ती सहज न बसणारी माती. शिवाय शहरी पाण्यातील जस्त, शिसे यांसारखे धातू आणि स्फुरद हे मुख्यतः सूक्ष्म कणांनाच चिकटून प्रवास करतात. म्हणजे जे बसायला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्यातच सर्वांत जास्त घाण असते.

निवळण्यासाठी स्वतंत्र जागा राखण्याचे मराठी मुलखातील उत्तम उदाहरण कात्रजचे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात आंबिल ओढ्यावर एकामागोमाग दोन तलाव बांधले गेले. वरच्यात गाळ बसावा आणि खालच्यातून निवळलेले पाणी भुयारी नळाने पुण्याच्या हौदांत जावे, अशी ती योजना होती. नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी उभारलेल्या मनोऱ्यांना उच्छ्वास म्हणत. बांधकामाला श्वासोच्छ्वासाचे नाव देणारी ही परिभाषा छत्तीसगढीतील पुंछा किंवा पैठू यांच्याच कुळातली आहे. दोन्हीकडे पाण्याला शरीर आहे, त्याला थांबायला आणि दम घ्यायला जागा आहे.

एकोणिसाव्या शतकातील नगररचनेने हा वेळ जागेत नव्हे, तर यंत्रात शोधला. रस्त्याच्या कडेची गाळखाच ही तिची मूळ कल्पना. नळाच्या तोंडाखाली खड्डा ठेवायचा, जड गाळ त्यात बसू द्यायचा, पाणी वरून पुढे जाऊ द्यायचे. त्यावर जाळी बसली, तेल अडवणारी आडवी पडदी आली. १९६० च्या दशकात इंग्लंडातील ब्रिस्टल येथे बर्नार्ड स्मिसन यांनी पाणी गोल फिरवून गाळ मध्यभागी गोळा करणारी भोवऱ्याची रचना मांडली. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात २०१४ पासून एका प्रवाहाच्या मुखाशी पाणचक्कीसारखे यंत्र तरंगता कचरा उचलत आहे. या सर्व साधनांची मर्यादा एकच : पाणी त्यांत काही क्षण, फार तर काही मिनिटे असते. वाळू, प्लास्टिक आणि काही प्रमाणात तेल त्यांत अडकते, चिकणमाती अडकत नाही.

मध्य प्रांतातील लेखनात याच काळात ‘टँक’ हा शब्द रूढ झाला. या शब्दाचे मूळ पोर्तुगीज की भारतीय याविषयी १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशातही चर्चा आहे, आणि मराठी ‘टाके’ त्या चर्चेपासून दूर नाही. परंतु टाके म्हणजे खडकात खोदलेला, कडा असलेला साठा. तलावाला टँक म्हटले की त्याचा पाणलोट दृष्टिआड होतो. १८७० च्या चार्ल्स ग्रँट यांच्या गॅझेटियरपासून पुढच्या वर्णनांत तलाव शहराच्या अलंकारासारखे मोजले जातात. कोणाचा तलाव, केव्हाचा, किती मोठा, हे सांगितले जाते. भाषांतरात पार आणि घाट तरले, पुंछा आणि पैठू बुडाले.

तेलीबांधा तेव्हा वस्तीबाहेर होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहर त्याच्याभोवती आले आणि २००० मध्ये रायपूर नव्या राज्याची राजधानी झाल्यावर ही गती वाढली. शेते आणि भाठा यांच्या जागी छपरे आणि डांबर आले. परिसरातील वस्त्यांचे सांडपाणी वाहणाऱ्या नाल्या पावसाच्याच उताराने तलावाकडे वळल्या. २०१० नंतरच्या काही वर्षांत काठावरील झोपड्या हलवून तेथील कुटुंबांना लगतच बहुमजली घरे देण्यात आली, काठ बांधून काढण्यात आला आणि फिरण्यासाठी मार्ग झाला. लोकांनी त्याला मुंबईच्या नावावरून मरीन ड्राइव्ह म्हणण्यास आरंभ केला. हे नाव विचारात घेण्याजोगे आहे. मरीन ड्राइव्हची भिंत समुद्राला बाहेर ठेवण्यासाठी आहे. तलावाच्या काठाचे काम निराळे, त्याला पाणी आत घ्यावे लागते. तेल्याच्या नावाच्या या तलावात आज रस्त्यावरून उतरणारे तेल घाण्याचे नव्हे, इंजिनांचे आहे, हे कटू विनोदाचे वाटले तरी वस्तुस्थिती म्हणून नोंदवावे लागते.

अशा शहरी तलावापुढे जो पेच उभा राहतो तो मूलतः शब्दांचाही आहे. हिंदी-छत्तीसगढीत ‘नाला’ आणि मराठीत ‘नाला’ किंवा ‘गटार’ हा एकच शब्द पावसाच्या आणि सांडपाण्याच्या प्रवाहाला लागतो. ‘प्रणाल’पासून आलेली आपली पन्हळ अजून छपरापुरती पावसाची राहिली आहे, एवढेच. नाला अडवून वळवला तर सांडपाण्याबरोबर पाऊसही जातो आणि तलाव कोरडा पडू लागतो. न वळवला तर पावसाबरोबर सांडपाणी येते, प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. पहिल्या सरींचे सर्वाधिक मळलेले पाणी वेगळे काढून नंतरचे आत सोडणे, किंवा मुखाशी वाळू-खडी आणि वनस्पतींचा पट्टा राखून पाणी त्यातून झिरपू देणे, हे मधले उपाय आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘फायटोरिड’ पद्धती दुसऱ्या प्रकारची. त्यासाठी पुन्हा जागाच लागते. पैठू जेथे असे तेथे इमारत उभी असल्यावर ती जागा कोठून आणायची, याचे उत्तर तंत्रज्ञानात नाही, जमिनीच्या किमतीत आहे.

सांडण्याच्या वाटेचेही तसेच. २३ सप्टेंबर २०२३ रोजी नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. सांडव्यासमोर उभारलेल्या स्मारकाविषयी नंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दीर्घ सुनावणी झाली. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजखालच्या त्याच आंबिल ओढ्याने वीसहून अधिक जीव घेतले. कागदोपत्री ज्यांना कोणी नाला म्हणत होते, ते प्रवाह त्या रात्री नद्यांसारखे वागले.

उरतो तो गाळ. गाळ जोवर खत होता तोवर तो काढणाऱ्याचा मोबदला गाळातच होता, उन्हाळ्यात तो शेतावर जाई. महाराष्ट्राच्या २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेच्या नावात ही जुनी देवघेव जिवंत आहे. शहरी गाळखाचेतील गाळाला शिवार नाही. त्यात तेल आहे, धातू आहेत, काच आहे, आणि तो काढण्यासाठी कोणीतरी दर मोसमापूर्वी त्यात उतरते. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा धोकादायक सफाईविषयी बोलतो तो मलवाहिनी आणि सेप्टिक टँक यांच्या नावाने. पावसाळी नालीचा त्यात स्वतंत्र उच्चार नाही. ज्या नालीत दोन्ही पाणी वाहते तिचे कागदावरचे नाव काय, यावर त्या खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाला संरक्षक साधने मिळतात की केवळ फावडे आणि घमेले, हे ठरू शकते.