दस्तक, पास आणि आंग्रिया बँक

साकीनाक्याला समुद्र नाही. आहे तो फक्त ट्रॅफिकचा. खारा वास हवा असेल तर शेजारी मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात जायचं. गेल्या वीकांताला तिथे सोडे घेताना मालवणचा एक मित्र बरोबर होता. मी आपलं सहज म्हटलं, "खोल समुद्रात एक मोठं अभयारण्य करून टाकलं पाहिजे. मासे आपोआप वाढतील." तो म्हणाला, "आमच्याकडे केलंय की, १९८७ साली. माझ्या आजोबांना कुणी विचारलं नव्हतं."

झालं! घरी येऊन वाचत बसलो. आणि लक्षात आलं, की 'समुद्रात जायला परवानगी कुणाची?' हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर पाचशे वर्षं जुना आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि त्यांनी 'कर्ताझ' नावाचा परवाना सुरू केला. तो नसेल तर जहाज जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तेच शस्त्र उलटवलं. आमच्या पाण्यातून जायचं तर आमचं दस्तक घ्या! इंग्रजांना ते कसं रुचणार? त्यांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर (अलिबागच्या, आपल्या लोकलच्या नव्हे!) हल्ला केला. तिन्ही वेळा हात हलवत परत गेले. दस्तकामागे आरमार होतं, म्हणून त्या कागदाला किंमत होती.

गंमत म्हणजे इंग्रजांच्या तोंडी आंग्रेचं 'आंग्रिया' झालं आणि ते नाव एका बुडालेल्या पठाराला कायमचं चिकटलं. आंग्रिया बँक. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात. चहूबाजूंनी पाणी खोल, पण पठाराचा माथा पृष्ठभागाखाली जेमतेम २० मीटरवर. त्यामुळे तिथे सूर्यप्रकाश पोचतो आणि प्रवाळ वाढतं. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी तिथे मोहीमही काढली होती.

आता खरी अडचण बघा. महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत. वन्यजीव कायद्याखालचं अभयारण्यही तिथपर्यंतच. त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा अंमल. १९७६ च्या सागरी क्षेत्रांच्या कायद्यात तिथला एखादा भाग 'निर्दिष्ट क्षेत्र' म्हणून जाहीर करायची सोय आहे खरी. पण आंग्रियावर मालवणसारखं अभयारण्य राज्य सरकारला मनात आणलं तरी करता येत नाही.

तळ खरवडत जाणारं ट्रॉलचं जाळं एका फेरीत जे मोडतं, ते प्रवाळ पुन्हा उभं राहायला कित्येक दशकं लागतात. युरोपियन युनियनने २०१६ मध्ये आपल्या पाण्यात ८०० मीटरखाली तळाचं ट्रॉलिंग बंद केलं. आंग्रियाला मात्र खोलीचा नियम उपयोगाचा नाही, कारण तिचा माथाच उथळ आहे. इथे नकाशावर रेघ आखावी लागेल. आणि रेघ आली की राखणदार आला.

इथे आमच्यासारख्या आयटीवाल्यांना चेव येतो. जीपीएस आहे, जिओफेन्स लावा, झालं काम! आणि त्या दिशेने सुरुवातही झाली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवायची योजना जाहीर झाली. नोव्हेंबर २०२५ च्या केंद्राच्या नियमांनुसार १२ मैलांपलीकडे मासेमारी करायला यांत्रिक बोटींना 'ॲक्सेस पास' लागतो. पारंपरिक लहान होड्यांना त्यातून सूट आहे. एलईडीचे दिवे लावून आणि दोन बोटींमध्ये जाळं ओढून मासेमारी करायलाही मनाई आहे. म्हणजे तीनशे वर्षांनी दस्तक परत आलं म्हणायचं, यावेळी ऑनलाइन!

पण ट्रान्सपॉन्डर फक्त बोट कुठे आहे ते सांगतो. पाण्याखाली कुठलं जाळं आहे, ते नाही सांगत. आणि १०५ किलोमीटरवर रोज गस्त घालायची म्हणजे डिझेल किती जाळायचं? शेवटी नजर ठेवणार कोण, तर रोज तिथे जाणारा माणूसच. मच्छीमार.

म्हणून मालवण आठवतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात २९.१२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. म्हणजे अगदी रापण ओढणाऱ्यांच्या दारात. हीच माणसं मोठ्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध वर्षानुवर्षं भांडत आली आहेत. मासे टिकावेत ही त्यांची स्वतःचीच मागणी. म्हणजे संरक्षणाचे सगळ्यात हक्काचे सोबती हेच. पण अभयारण्य म्हटलं, की त्यांना आधी आपली जाळी जप्त होताना दिसतात. ज्यांना राखणदार करायचं, त्यांनाच आपण विरोधक करून ठेवलं.

आंग्र्यांच्या आरमारात कोळी आणि भंडारी होते. समुद्र माहीत असलेली माणसं त्यांच्या बाजूला होती, नुसत्या तोफा नव्हत्या. आंग्रिया बँकेवर उद्या रेघ आखली जाईल तेव्हा पेन्सिल दिल्लीत असेल हे मान्य. पण त्या टेबलाशी मालवण, देवगड, रत्नागिरीची माणसं बसलेली असावीत. नाहीतर आम्ही सॉफ्टवेअर लिहू, स्क्रीनवर लाल ठिपके दिसतील, आणि खाली प्रवाळ मोडत राहील.

असो. सोडे मात्र झकास निघाले. मित्राने भावही करून दिला.