लाल दिव्याचा भरवसा

वेलिंग्टनला पोस्टिंग असताना उटी अगदी जवळ. भारत सरकारची हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी तिथलीच, स्थापना १९६०ची. 'इंदू' छापाचा कागद आपल्यापैकी अनेकांनी वापरला असेल. मीही क्वार्टरच्या न्हाणीघरात लाल दिवा लावून फोटो छापायचो.

लाल दिवाच का? सुरुवातीच्या फोटोप्लेट्सवर मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा परिणाम होई, लाल त्यांना जणू दिसतच नसे. १८७३ मध्ये बर्लिनच्या फोगेल यांनी रंगद्रव्य मिसळून प्लेटला हिरवा प्रकाश टिपायला शिकवले. पुढे सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली आणि ती धुताना लाल दिवाही विझवावा लागला. कृष्णधवल छपाईचा कागद मात्र लाल रंगाला आंधळाच ठेवला, म्हणून छापताना आपल्याला दिसते.

पण हे आंधळेपण पूर्ण नसते. कोऱ्या कागदावर नाणे ठेवून केलेली चाचणी फसवते. थोडा प्रकाश कोरा कागद पचवतो. एन्लार्जरखालून निघालेला कागद तेवढाही पचवत नाही. म्हणून आधी कागदाला फिकट राखाडी येईल इतका प्रकाश द्या, मग नाणे ठेवून लाल दिव्याखाली सात मिनिटे थांबा आणि अंधारात डेव्हलप करा. नाण्याचा ठसा उमटला, तर दिवा दूर न्या किंवा वेळ कमी करा. १५ वॅटचा बल्ब चार फुटांवर हवा.

ट्रंकेत युनिटच्या जुन्या निगेटिव्ह असतील, तर छापण्याआधी एवढे कराच. नाहीतर पांढरे मळते आणि चेहऱ्यांवरचे तेज जाते. त्यातले काहीजण आता फक्त फोटोतच भेटतात.