संदर्भ हवा

मराठी विकिपीडियावरचा एखादा लेख वाचताना मध्येच एखाद्या वाक्याच्या शेवटी, कंसात, बारीक अक्षरांत 'संदर्भ हवा' असे शब्द दिसतात. विद्यार्थी तिकडे लक्ष देत नाहीत. प्रकल्पाच्या वहीत वाक्य उतरवून घेतात आणि कंस तेवढा गाळतात. या दोन शब्दांमागे सुमारे पाव शतकाची भांडणे आहेत आणि त्यांतली काही विज्ञानाच्या शिक्षकांना ठाऊक असावीत अशी आहेत.

सुरुवात तज्ज्ञांपासून झाली होती. मार्च २००० मध्ये जिमी वेल्स आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक लॅरी सँगर यांनी 'न्यूपीडिया' हा इंटरनेटवरील मोफत ज्ञानकोश काढला. लेख जाणकारांनी लिहायचे आणि ते सात टप्प्यांच्या तपासणीतून जायचे. आम्हां संशोधकांना ही पद्धत ओळखीची वाटते, आणि तिचा वेगही! २००३ मध्ये न्यूपीडिया बंद पडला तेव्हा पुरे झालेले लेख जेमतेम दोन डझन होते. दरम्यान १५ जानेवारी २००१ रोजी, कच्चे लेख लवकर जमावेत म्हणून, कोणीही यावे आणि लिहावे असा विकिपीडिया सुरू झाला. पहिल्या वर्षातच तेथे सुमारे वीस हजार लेख जमले.

लेखांबरोबर लिहिणारेही आले आणि त्यांत आइन्स्टाइनला खोटे पाडणारे बरेच होते. अशी मंडळी आमच्या परिचयाची आहेत. प्रत्येक संशोधनसंस्थेत त्यांची जाडजूड पाकिटे येतात आणि ती कपाटात जातात. विकिपीडियात मात्र कपाट नव्हते. तेथे या गृहस्थांचा आणि भौतिकीच्या प्राध्यापकांचा लिहिण्याचा हक्क सारखाच. मग निवाडा करायचा कसा? स्वयंसेवकांनी प्रश्नच बदलला. 'हे खरे आहे का?' असे न विचारता 'हे आधी कोठे प्रसिद्ध झाले आहे?' असे विचारायचे. २००३ मध्ये 'मूळ संशोधन नको' हा नियम आकाराला आला. भौतिकीतल्या अशा विक्षिप्त सिद्धान्तकारांना आवरण्यासाठीच तो मुख्यतः निघाला, असे वेल्स यांनी पुढे सांगितले. ज्याला आइन्स्टाइन खोडायचा असेल त्याने तो आधी संशोधनपत्रिकेत खोडावा, मग इकडे यावे.

नियम चांगला, पण तो दोन्ही बाजूंनी कापतो. आम्हीही एकदा आमच्या विषयावरच्या लेखातील एक आकडा दुरुस्त केला होता. अर्ध्या तासात तो कोणीतरी पूर्ववत केला. चर्चा पानावर आम्ही आमची पदवी सांगितली. उत्तर आले, "पदवीबद्दल अभिनंदन. संदर्भ द्या." राग आला, हे कबूल केले पाहिजे. रागातच जुना शोधनिबंध बाहेर काढला, तर आमच्या डोक्यात पक्का बसलेला आकडा निराळ्याच तापमानाचा निघाला.

सर्वांची राग येण्याची कारणे इतकी लंगडी नसतात. विल्यम कॉनोली हे केंब्रिजच्या ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेमध्ये हवामानाची गणिती प्रतिमाने तयार करीत. २००५ साली जागतिक तापमानवाढीवरील लेखात त्यांचे संशयवाद्यांशी वाजले. हरितगृह परिणामाविषयीची विधाने समोरची बाजू पुन्हा पुन्हा पातळ करी, कॉनोली ती पुन्हा पुन्हा पूर्ववत करीत. प्रकरण लवाद समितीपुढे गेले. ही समितीही स्वयंसेवकांचीच. विज्ञान कोणाचे बरोबर हे ती ठरवत नाही, कोण कसा वागला एवढेच पाहते. विरोधी बाजूला हवामानाच्या लेखांपासून काही काळ दूर ठेवण्यात आले, पण कॉनोलींवरही दिवसाला एकच बदल उलटवण्याचे बंधन आले. ते पुढे उठवले गेले, तरी जाणत्या माणसाच्या शब्दाला येथे काही जादा वजन नाही ही त्यांची तक्रार राहिली. सँगर यांचीही तीच तक्रार होती आणि ते तर २००२ मध्येच बाहेर पडले होते. आम्हाला ही तक्रार अर्धीच पटते. आपण बरोबर आहोत म्हणून उद्धटपणे वागण्याची मुभा मिळते, अशी आम्हा वैज्ञानिकांची एक सोयीची समजूत असते.

वागणुकीचे नियम आले ते अशा झटापटींतून. चोवीस तासांत एकाच लेखातले बदल तीनपेक्षा अधिक वेळा उलटवायचे नाहीत, हा नियम २००४ चा. समोरच्याचा हेतू चांगलाच आहे असे धरून चालावे, हा दुसरा. ते लागत कोठे? 'योगर्ट' या इंग्रजी शब्दात 'एच' हे अक्षर घालावे की नाही, यावर इंग्रजी विकिपीडियात सुमारे आठ वर्षे खल चालला!

डोना स्ट्रिकलंड यांचे प्रकरण मात्र हसण्यावारी नेता येत नाही. मे २०१८ मध्ये कोणीतरी त्यांच्यावर लिहिलेला कच्चा लेख एका स्वयंसेवकाने परत पाठवला. व्यक्तीशी संबंध नसलेल्या स्वतंत्र प्रकाशनांत त्यांच्याविषयी पुरेसे लिहिलेले दिसत नाही, हे कारण. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. मारी क्युरी (१९०३) आणि मारिया गोपर्ट-मायर (१९६३) यांच्यानंतरच्या त्या तिसऱ्याच स्त्री. लेख त्याच दिवशी झाला. टीका सगळी त्या स्वयंसेवकावर झाली, पण नियमाने तो चुकला नव्हता. लेसरचे अतितीव्र स्पंद निर्माण करण्याची त्यांची व जेरार मुरू यांची पद्धत १९८५ ची. मधल्या तेहतीस वर्षांत त्यांच्याविषयी लिहायला हवे होते ते आमच्यासारख्या, विज्ञानावर लिहिणाऱ्यांनी.

छापलेला संदर्भ असला म्हणजे काम झाले, असेही नाही. २००८ साली एका अमेरिकी विद्यार्थ्याने गंमत म्हणून कोआटी या प्राण्याच्या लेखात 'ब्राझिलियन आर्डवार्क' असे स्वतः रचलेले टोपणनाव घातले. ते वाचून ब्रिटिश वृत्तपत्रांनी वापरले आणि मग त्याच वृत्तपत्रातला मजकूर लेखात पुरावा म्हणून जोडला गेला. ही फिरवाफिरवी उघड झाली २०१४ मध्ये.

नववी-दहावीच्या मुलांना हे करून पाहता येईल. आपल्या तालुक्यावरचा किंवा पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या शास्त्रज्ञावरचा लेख घ्यावा आणि वरच्या 'इतिहास' या शब्दावर टिचकी मारावी. एखादे वाक्य कोणत्या तारखेला आले आणि त्याला दिलेला संदर्भ कोणत्या तारखेचा आहे, हे मुलांनी वहीत शेजारी शेजारी मांडावे. संदर्भ वाक्यापेक्षा नंतरचा निघाला, तर त्या बातमीदाराने माहिती कोठून घेतली असेल हे मुलांनाच विचारावे.